ज्याने काही केलेलं नाही, त्याच्या फोनचं काय?

नाशिकच्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "फोन टॅपिंगवरून घरी वडिलांशी वाद झाला. त्यांचं म्हणणं, २६/११ पाहिलेल्या माणसाने गोपनीयतेच्या गप्पा मारू नयेत. देशाच्या सुरक्षेसाठी सरकारने फोन ऐकले तर ऐकू देत, ज्याने काही केलेलं नाही त्याला भीती कशाची? मला ते पटत नाही, पण उत्तरही सुचत नाही. आणि आमचं व्हॉट्सॲपही सरकारला वाचता येतं का?"

मी मुंबईत फौजदारी वकिली करतो. टॅप केलेली संभाषणं पुरावा म्हणून आलेल्या खटल्यांत सरकारपक्षाकडूनही उभा राहिलो आहे आणि आरोपींकडूनही. त्यामुळे दोन्ही बाजूंचे कागद पाहिलेले आहेत. थोडं विस्ताराने सांगतो.

आधी तुमच्या वडिलांची बाजू, कारण ती भक्कम आहे. २६/११ च्या त्या रात्री ताज, ट्रायडंट आणि नरिमन हाऊसमधले अतिरेकी पाकिस्तानातल्या सूत्रधारांशी सतत फोनवर बोलत होते. इंटरनेटवरून फिरवलेले कॉल होते, तरी आपल्या पोलिसांनी ते पकडले आणि रेकॉर्ड केले. पुढे ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कसाबची फाशी कायम केली, तेव्हा कट सीमेपलीकडे शिजला हे दाखवताना याच संभाषणांचा मोठा आधार घेतला. ती ध्वनिमुद्रणं नसती, तर कसाबच्या मागे कोण होतं हे जगाला सांगायला आपल्या हातात फार थोडं उरलं असतं. सरकारला फोन ऐकण्याचा अधिकारच नसावा, असं मी म्हणत नाही. खंडणी, अपहरण, स्फोट, अमली पदार्थ अशा गुन्ह्यांत टॅपिंगने जीव वाचलेत.

अडचण वडिलांच्या दुसऱ्या वाक्यात आहे. 'ज्याने काही केलेलं नाही त्याला भीती कशाची?' आपली सध्याची व्यवस्था पाहिली, तर ज्याने काही केलेलं नाही तोच माणूस सगळ्यात असुरक्षित आहे. कसा, ते कळायला टॅपिंगचा आदेश निघतो कसा, हे पाहावं लागेल.

राज्यपद्धती बदलली, तरी या कायद्याचा गाभा १८८५ च्या तार कायद्यातलाच आहे. त्याच्या कलम ५(२) ची जागा आता दूरसंचार कायदा २०२३ च्या कलम २०(२) ने घेतली, पण भाषा जवळपास तीच राहिली. सार्वजनिक आणीबाणी उद्भवली असेल किंवा सार्वजनिक सुरक्षेसाठी गरज असेल, तरच ऐकता येतं. त्यातही देशाचं सार्वभौमत्व, राज्याची सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था किंवा गुन्ह्याला चिथावणी रोखणं, यांपैकी एक कारण लागतं. केंद्रात आदेश गृहसचिव काढतात, राज्यात गृह खात्याचे सचिव. आदेश ६० दिवस चालतो, वाढवत वाढवत जास्तीत जास्त १८० दिवस नेता येतो. तातडीच्या प्रसंगी सचिवांच्या सहीसाठी थांबावं लागत नाही. राज्यात पोलीस महानिरीक्षक दर्जाचा अधिकारी ऐकणं सुरू करू शकतो, मात्र तीन कामकाजी दिवसांत वर कळवायचं आणि सात कामकाजी दिवसांत मंजुरी मिळाली नाही तर थांबायचं. म्हणजे २६/११ सारख्या रात्री कायदा पोलिसांचे हात बांधत नाही. वडिलांना हे आवर्जून सांगा.

आता तो आदेश प्रत्यक्ष कसा दिसतो, ते सांगतो. बहुतेक वेळा एक पान. वर 'गोपनीय' असा शिक्का, मग कलमाचा उल्लेख, मग मोबाइल क्रमांक, कोणती यंत्रणा ऐकणार तिचं नाव, किती दिवस, आणि खाली सही. मधल्या परिच्छेदात कारण. नियम म्हणतो, आदेशात कारणं हवीत. पण पाहायला मिळतं ते पुष्कळदा कलमाचीच शब्दरचना उतरवून काढलेली: 'सार्वजनिक सुरक्षेच्या हितासाठी आवश्यक असल्याची माझी खात्री झाली आहे.' खात्री कशावरून झाली? कोणती माहिती समोर होती? दुसऱ्या मार्गाने ती मिळाली नसती का? उलटतपासणीत हे विचारलं की साक्षीला आलेला अधिकारी म्हणतो, फाईल पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. आणि फाईल गोपनीय म्हणून न्यायालयात आलेलीच नसते.

आदेशात आणखी एक मोकळी जागा आहे, जिच्याकडे फारसं कोणी पाहत नाही. आदेश निघतो तो क्रमांकावर. तो क्रमांक कोणाचा, हे सचिवांना कळतं ते मागणी करणारी यंत्रणा सांगेल तेवढंच. महाराष्ट्रात काही लोकप्रतिनिधींचे फोन दुसऱ्याच नावांनी, अमली पदार्थांसारख्या संशयाखाली टॅप झाल्याचे आरोप झाले, २०२२ मध्ये पुण्यात आणि मुंबईत गुन्हे नोंदले गेले, आणि २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने ते रद्द केले. त्या प्रकरणात कोण दोषी, यावर मला काही म्हणायचं नाही, न्यायालयाने निर्णय दिला आहे. पण असा आरोप होऊ शकतो, एवढ्यावरूनही दिसतं की सही करणाऱ्यासमोर फक्त दहा आकडे असतात आणि ते ताडून पाहायची सक्ती कोणावरच नाही.

बरं, सचिवांनी चुकीची सही केली तर तपासणार कोण? त्यासाठी पुनर्विलोकन समिती आहे. केंद्रात कॅबिनेट सचिव, विधी सचिव आणि दूरसंचार सचिव. राज्यात मुख्य सचिव, विधी सचिव आणि आणखी एक सचिव. म्हणजे सचिवाने केलेलं सचिवच तपासणार. समिती दोन महिन्यांतून एकदा बसते. माहिती संरक्षणाच्या कायद्यासाठी नेमलेल्या न्या. श्रीकृष्ण समितीने २०१८ च्या अहवालात लिहिलं की माहिती अधिकारात मिळालेल्या आकड्यांप्रमाणे केंद्राकडूनच महिन्याला ७,५०० ते ९,००० आदेश निघतात. दोन महिन्यांचे मिळून १५,००० ते १८,०००. तीन ज्येष्ठ सचिव दिवसभर आठ तास दुसरं काहीही न करता बसले, तरी एका आदेशाच्या वाट्याला दोन सेकंदसुद्धा येत नाहीत. दोन सेकंदांत पानावरचा शिक्कासुद्धा धड वाचून होत नाही.

हे असं होणार याची जाणीव १९९६ मध्येच झाली होती. राजकारण्यांचे फोन टॅप झाल्याच्या सीबीआयच्या अहवालानंतर पीयूसीएल ही नागरी हक्कांसाठी काम करणारी संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली होती. त्या अहवालात १११ दूरध्वनी १८० दिवसांच्या पुढेही परवानगीशिवाय ऐकले गेल्याची नोंद होती, आणि काही क्रमांकांचे तर मुळात आदेशच सापडत नव्हते. १८ डिसेंबर १९९६ च्या निकालात न्यायालयाने फोनवरचं बोलणं हा खासगीपणाच्या अधिकाराचा भाग मानला आणि नियम घालून दिले. मात्र आदेशाआधी न्यायाधीशाची परवानगी हवी, ही मागणी मान्य केली नाही. कायद्यात तशी तरतूद नाही, म्हणून ती अट घालता येत नाही, असं म्हटलं. संसदेने पुढे ती तरतूद केली नाही. २०२३ मध्ये संपूर्ण नवा कायदा लिहायची संधी आली, तेव्हाही नाही. मला याचं फार वाईट वाटतं, कारण तोपर्यंत २०१७ चा नऊ न्यायाधीशांचा पुट्टास्वामी निकाल समोर होता. खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, त्यात हात घालायचा तर कायदा हवा, योग्य हेतू हवा, आणि हेतूला लागेल तेवढंच पाऊल उचलायला हवं, हे त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं.

आता मूळ मुद्द्यावर येतो. समजा पोलिसांनी दहा जणांचे फोन ऐकले. दोघांविरुद्ध पुरावा मिळाला. त्या दोघांवर दोषारोपपत्र दाखल होतं, त्यात संभाषणं लागतात, त्यांच्या वकिलाला आदेशाची प्रत मागता येते, आदेश बेकायदा असेल तर उच्च न्यायालयात जाता येतं. राहिलेल्या आठ जणांचं काय? त्यांनी बायकोशी बोललेलं, डॉक्टरला सांगितलेलं, वकिलाला विचारलेलं, सगळं कोणीतरी ऐकलं. त्यांना ते कधीच कळत नाही. कळवायचं बंधनच नाही. माहिती अधिकारात विचारलं तर सुरक्षेचं कलम पुढे येतं. जे कळलंच नाही, त्याविरुद्ध दाद कशी मागणार? गुन्हेगाराला न्यायालय आहे, निरपराधाला नाही. तुमच्या वडिलांच्या प्रश्नाला माझं हेच उत्तर आहे, आणि हा दोष सुरक्षेला धक्का न लावता दुरुस्त करता येतो.

न्यायालयात पोहोचलेल्यांचं काय होतं, त्याचं एक उदाहरण मुंबईचंच आहे. एका व्यावसायिकाने सरकारी बँकेच्या अधिकाऱ्याला लाच दिल्याचा सीबीआयचा आरोप होता. त्यासाठी २००९-१० मध्ये त्याचा फोन ऐकण्याचे तीन आदेश निघाले. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिन्ही आदेश रद्द केले आणि संभाषणांच्या प्रती नष्ट करायला सांगितल्या. लाचेचा संशय म्हणजे सार्वजनिक आणीबाणी नव्हे आणि सार्वजनिक सुरक्षेचा प्रश्नही नव्हे, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. पण २००९ चा आदेश रद्द झाला तो २०१९ मध्ये. दहा वर्षं. शिवाय सगळी न्यायालयं एकाच दिशेने विचार करत नाहीत. २०२५ च्या मध्यात, काही दिवसांच्या अंतराने, दिल्ली उच्च न्यायालयाने मोठा भ्रष्टाचार सार्वजनिक सुरक्षेत बसतो असं मानून टॅपिंग ग्राह्य धरलं, तर मद्रास उच्च न्यायालयाने लाचेच्या तपासासाठीचा आदेश रद्द केला आणि तो पुनर्विलोकन समितीपुढे गेलाच नव्हता याकडेही बोट दाखवलं. एकच कायदा, दोन शहरांत दोन अर्थ. याचा फटका तपास यंत्रणांनाही बसतो, हे लक्षात घ्या. वर्षभर खपून उभा केलेला खटला आदेशातल्या एका त्रुटीने कोसळतो, तेव्हा प्रामाणिक तपास अधिकाऱ्याची मेहनतही पाण्यात जाते.

त्यातच जुनी गाठ अशी की पुरावा बेकायदा मिळवला म्हणून तो आपोआप बाद होत नाही. मुंबईच्या तेव्हाच्या कॉरोनरवरच्या (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यावरच्या) लाचेच्या खटल्यात, मलकानी प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीलाच हे तत्त्व लावलं होतं: पुरावा प्रकरणाशी संबंधित आणि अस्सल असेल, तर तो कसा आला हे दुय्यम. त्यामुळे नियम मोडला तरी पुष्कळदा काही बिघडत नाही, हे यंत्रणांना माहीत असतं. डिसेंबर २०२४ च्या नव्या नियमांनी एक बरी गोष्ट केली. तातडीने सुरू केलेल्या टॅपिंगला वेळेत मंजुरी मिळाली नाही, तर ती संभाषणं न्यायालयात पुरावा म्हणूनही वापरता येणार नाहीत, असं लिहिलं. ही शिस्त सगळ्याच आदेशांना लावायला हवी होती.

व्यवस्थेत बाहेरची अशी एकच जोडी डोळे होती, टेलिकॉम कंपनीचा नोडल अधिकारी. आदेश त्याच्या हाती पडल्यावर तो तपासून टॅप लावायचा. ते डोळेही कसे चालायचे, याचा नमुना २००५ चा आहे. समाजवादी पक्षाचे तेव्हाचे नेते अमर सिंह यांचा फोन टॅप झाला तो बनावट पत्रावर. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात नमूद केलं की त्या पत्रांत ढोबळ चुका होत्या, सरकारी पत्रात अशा चुका पाहून कंपनीने खात्री करून घ्यायलाच हवी होती. तरीही, माणूस मध्ये होता म्हणून निदान कागद उरला, आणि कागद उरला म्हणून बनावटगिरी उघडी पडली. केंद्राने उभारलेल्या सेंट्रल मॉनिटरिंग सिस्टीमची रचना अशी की कंपनीच्या माणसाला मध्ये न घेता जोडणी थेट होते. सरकारचं म्हणणं, यामुळे गुप्तता राखली जाते, कंपनीतून बातमी फुटत नाही. त्यात तथ्य आहे. पण बाहेरचा माणूस काढून टाकला, तर त्याच्या जागी दुसरा कोणीतरी तपासणारा नेमायला हवा होता. तो नेमलेला नाही.

टॅपिंगपेक्षा मला जास्त काळजी वाटते ती सीडीआरची, आणि याबद्दल लोक फार कमी बोलतात. सीडीआर म्हणजे कोणी कोणाला, केव्हा, किती वेळ आणि कोणत्या टॉवरखालून फोन केला याची नोंद. बोलणं त्यात नसतं, पण माणसाचा दिवस त्यात दिसतो. तो कोणाकडे रात्री थांबतो, कोणत्या दवाखान्यात जातो, कोणत्या पत्रकाराशी बोलतो. २०२१ च्या अखेरीस परवान्याच्या अटी बदलून कंपन्यांना या नोंदी निदान दोन वर्षं जपायला लावलं. आणि त्या मिळवायला गृहसचिवांची सही लागत नाही, वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याच्या मागणीवर मिळतात. टॉवर डंप मागितला तर एका टॉवरखाली त्या वेळी असलेल्या सगळ्यांच्याच नोंदी येतात. त्यात संशयित एक, बाकी भाजी आणायला निघालेले. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी खासगी गुप्तहेरांना सीडीआर विकणारं जाळं उघडकीला आणलं होतं. तपासासाठी जमवलेली माहिती घटस्फोटाच्या आणि धंद्याच्या भांडणांत विकली जाते, हे तेव्हा दिसलं. साठा आहे म्हटल्यावर गळती होणारच, म्हणून साठ्याच्या दाराशी पहारा हवा.

पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी दोन ओळी. तो प्रकार टॅपिंगचा नाही, फोनमध्ये शिरण्याचा आहे. शिरलेला माणूस वाचू शकतो तसं आत काही ठेवूही शकतो, आणि मग त्या फोनमधला कोणताही पुरावा संशयास्पद ठरतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चौकशी समिती नेमताना स्पष्ट केलं की राष्ट्रीय सुरक्षेचं नुसतं नाव घेतलं म्हणून न्यायालय मागे सरणार नाही. समितीने तपासलेल्या २९ फोनपैकी ५ मध्ये मालवेअर आढळलं, ते पेगॅससच आहे असं निश्चित सांगता आलं नाही, आणि केंद्राने सहकार्य केलं नाही, असं ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयात सांगितलं गेलं.

मग काय करावं? माझ्या मते तीन गोष्टी, पण पहिलीवरच माझा भर आहे. आदेशाला न्यायाधीशाची मंजुरी हवी. ब्रिटनने २०१६ च्या कायद्याने तसं केलं. मंत्री वॉरंट काढतो, पण स्वतंत्र न्यायिक आयुक्ताने मान्य केल्याशिवाय ते लागू होत नाही, तातडीच्या प्रसंगी मंजुरी नंतर घेता येते. आपल्याकडे आक्षेप घेतात की न्यायालयात वेळ जाईल आणि बातमी फुटेल. तातडीची सोय कायद्यात आजही आहे, ती तशीच ठेवा. गुप्ततेचं म्हणाल तर बंद लिफाफ्यातली कागदपत्रं न्यायाधीश रोज हाताळतात. आमच्या मोक्का कायद्यातसुद्धा टॅपिंगला पोलीस अधीक्षकाचा सविस्तर अर्ज लागतो, आणि तो तार कायद्याच्या एका पानापेक्षा कितीतरी बरा असतो. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद वैध ठरवली. कारणं नीट लिहायला लावली म्हणून संघटित गुन्हेगारीविरुद्धची लढाई थांबलेली नाही. उलट, लिहिताना तपास अधिकाऱ्याचं म्हणणं घोटीव होतं आणि खटल्यात टिकतं.

दुसरी गोष्ट, ऐकणं संपल्यावर त्या माणसाला कळवणं. अमेरिकेत फौजदारी तपासातल्या टॅपिंगनंतर साधारण ९० दिवसांत तशी नोटीस द्यावी लागते, न्यायाधीश कारण पाहून ती लांबवू शकतो. जर्मनीत गुप्तचर यंत्रणांनाही, हेतूला धोका उरला नाही की, कळवावं लागतं. अतिरेक्यांच्या प्रकरणात वर्षानुवर्षं कळवू नका, माझी हरकत नाही. पण त्या आठ निरपराधांना कधी तरी कळलं पाहिजे. तिसरी, दरवर्षी किती आदेश निघाले, किती नाकारले, किती प्रकरणांत उपयोग झाला, हे आकडे विधिमंडळापुढे आणि संसदेपुढे ठेवणं. आकड्यांवरून एकही अतिरेकी सावध होत नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, व्हॉट्सॲप. संदेश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कुलूपबंद असतो, त्यामुळे टेलिकॉम कंपनीच्या तारेवर टॅप लावून तो वाचता येत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९ मात्र दूरसंचार कायद्यापेक्षा सैल आहे. त्यात सार्वजनिक आणीबाणीची अट नाही, कोणत्याही गुन्ह्याच्या तपासासाठी आदेश निघू शकतो, आणि माहिती उलगडून द्यायला मदत नाकारली तर सात वर्षांपर्यंत कैद आहे. डिसेंबर २०१८ च्या आदेशाने केंद्राने यासाठी दहा यंत्रणांना अधिकार दिले. २०२१ च्या नियमांनी संदेश मुळात कोणी पाठवला ते शोधून द्यायची सक्ती आणली, तिला व्हॉट्सॲपने दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं. पण प्रत्यक्ष खटल्यांत चॅट येतात ते बहुतेक वेळा याहून सोप्या वाटेने. फोनच जप्त होतो, पंचनामा होतो, पासवर्ड विचारला जातो आणि घाबरलेला माणूस तो सांगून टाकतो. किंवा ज्याला तुम्ही पाठवलं त्याच्या फोनमधून निघतात. बॅकअपला वेगळं कुलूप लावायची सोय सेटिंगमध्ये असते, ती बहुतेकांनी चालू केलेली नसते. आज घरी गेल्यावर तुमच्या आणि वडिलांच्या, दोघांच्याही फोनवर ती चालू करा. आणि कधी फोन जप्त झालाच, तर पंचनाम्यात फोनचा आयएमईआय क्रमांक आणि सील लावल्याची नोंद आहे का, हे पाहिल्याशिवाय सही करू नका.